एक्कावन्नावी खुर्ची

२ डिसेंबर २०२२, शुक्रवार. आमच्या भागातल्या लायब्ररीबाहेर रांगेत उभा होतो. अटलांटाच्या उत्तरेकडची उपनगरं, सिनेटच्या फेरनिवडणुकीसाठी आगाऊ मतदानाचा शेवटचा दिवस, सकाळचे अकरा. रांग पार्किंगला वळसा घालून रस्त्यापर्यंत आलेली. तेवढ्यात कोल्हापुरातून बापूदाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं रात्रीचे साडेनऊ, जेवण होऊन तो गच्चीवर शतपावलीला निघालेला. बापूदा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. मी फोन फिरवून रांग दाखवली.

"कसली रे रांग? रेशन सुरू झालं काय अमेरिकेत?"

मतदानाची, म्हटलं. उभं कोण आहे, तर एका बाजूला राफेल वॉर्नॉक, मार्टिन ल्यूथर किंग ज्या एबेनेझर चर्चमध्ये प्रवचन देत त्याच चर्चचे पाद्री. दुसऱ्या बाजूला हर्शेल वॉकर, जॉर्जिया विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलपटू, १९८२ साली हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळवलेले.

"म्हणजे कीर्तनकार विरुद्ध पैलवान म्हण की," बापूदा म्हणाला. याहून नेटकं वर्णन मला इथल्या एकाही वाहिनीवर ऐकायला मिळालं नव्हतं.

महिनाभरापूर्वी, ८ नोव्हेंबरला, मुख्य मतदान झालं होतं. वॉर्नॉक यांना ४९.४ टक्के, वॉकर यांना ४८.५, उरलेली लिबर्टेरियन उमेदवाराला. आपल्याकडे एका मताने पुढे असला तरी माणूस निवडून येतो. जॉर्जियात पन्नास टक्के ओलांडावेच लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा कुस्ती. त्यामुळे पुन्हा टीव्हीवर जाहिराती, पुन्हा टपालपेटीत गुळगुळीत पत्रकांचा गठ्ठा, पुन्हा "नमस्कार, तुम्ही मत दिलंत का?" असे दिवसाला आठ-दहा मेसेज. आपल्या निवडणुकीतले भोंगे परवडले, ते निदान रात्री दहाला बंद होतात.

त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, जन्मभर रिपब्लिकन. माझ्या अंगणात वॉर्नॉक यांची पाटी आणि त्यांच्या अंगणात वॉकर यांची, मधे सामाईक कुंपण. आमचं बोलणं पानगळ, ड्रेनेज आणि नातवंडं यापलीकडे सहसा जात नाही. पण दोन तास रांगेत काढायचे म्हटल्यावर माणूस बोलतोच. मी विचारलं, तुम्हाला हे वॉकर खरंच पसंत आहेत? वर्षानुवर्षं टेक्सासात राहिलेला माणूस, भाषणात मधेच व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फच्या गोष्टी सांगतो. गृहस्थ हसले. म्हणाले, मी वॉकरला मत देतच नाहीये. मी एक्कावन्नाव्या खुर्चीविरुद्ध मत देतोय.

हिशेब बरोबर होता. सिनेटच्या शंभरपैकी पन्नास जागा डेमोक्रॅटांच्या, म्हणजे वॉर्नॉक यांच्या पक्षाच्या, आधीच झाल्या होत्या. पन्नास-पन्नास राहिले तर समित्या निम्म्या-निम्म्या, प्रत्येक नेमणूक अडवता येते, बरोबरी झाली की उपराष्ट्रपतींना मत द्यायला धावत यावं लागतं. एक्कावन्न झाले की समित्यांवर बहुमत. वॉर्नॉक हे मतपत्रिकेवरचं नाव, प्रत्यक्षात तिथे एक खुर्ची उभी होती.

ऐकून मी मान डोलावली खरी, पण आतून खजील झालो. कारण २०१९च्या लोकसभेला याच बापूदाला मी फोनवर अर्धा तास शहाणपण शिकवलं होतं. चिन्ह बघू नकोस, माणूस बघ. त्याने शांतपणे ऐकून धनुष्यबाणाचं बटण दाबलं होतं. आणि मी स्वतः? २०१८ला अमेरिकेचा नागरिक झालो, भारतातलं मत त्याच दिवशी गेलं. ५ जानेवारी २०२१च्या फेरनिवडणुकीत इथे दोन्ही सिनेट जागांसाठी निळं, म्हणजे डेमोक्रॅटांचं, बटण दाबून आलो. जॉन ऑसॉफ तेव्हा तेहतीस वर्षांचे, माहितीपट काढणारे, कुठल्याही पदावर कधी न बसलेले. २०१७ची प्रतिनिधिगृहाची पोटनिवडणूक हरलेले. माणूस बघून मी काय मत देणार होतो?

खरं सांगायचं तर माझं मत ऑक्टोबर २०२० मध्येच ठरलं होतं, आणि तेही क्षुल्लक वाटेल अशा कारणाने. ऑसॉफ यांच्यासमोरचे उमेदवार, विद्यमान सिनेटर डेव्हिड पर्ड्यू, मेकनच्या सभेत कमला हॅरिस यांचं नाव घेताना अडखळायचं नाटक करू लागले. "कमला-मला-मला, काय असेल ते" असं म्हणून गर्दीला हसवलं. सिनेटमध्ये जिच्यासोबत तीन-चार वर्षं काम केलं तिचं नाव. प्रचारवाल्यांनी नंतर सारवासारव केली की उच्चार चुकला, हेतू वाईट नव्हता. माझ्या आईचं नाव कमल. इथल्या दवाखान्यात, बँकेत, विमानतळावर तिच्या नावाची झालेली कुचंबणा मी पाहिली आहे. व्हिडिओ पाहिला आणि अर्थव्यवस्था, कर, आरोग्यविमा वगैरे माझी सगळी मतं क्षणात एका ओळीत येऊन उभी राहिली. बापूदाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे काकूच्या नावावर मत दिलंस. आणि मला माणूस बघ म्हणतोस."

तेव्हा मी पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करतो. इथली बहुतेक राजकीय चर्चा अशीच असते. माणूस आधी बाजू धरतो, मग कारणं गोळा करतो. आमच्या मराठी मंडळातही तेच. गणपतीत आरतीला एका रांगेत उभे असणारे निवडणुकीच्या महिन्यात एकमेकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडतात. त्यातले काही इथे अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी घसा कोरडा करतात आणि तिकडच्या बातम्यांवर नेमकं उलटं बोलतात. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल, आणि पुढच्या गणपतीत प्रसाद मिळणार नाही.

पण डोळे झाकून पक्षाला दिलेल्या त्या मताचं पुढे काय झालं? ऑसॉफ सुमारे ५५ हजार मतांनी जिंकले, वॉर्नॉक त्यांच्याहून मोठ्या फरकाने. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, कोविड मदतीचा कायदा सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९ मतांनी मंजूर झाला. जॉर्जियाची एक जागा जरी दुसरीकडे गेली असती तर तो तसा झालाच नसता. प्रचारात दोन हजार डॉलरच्या चेकचं आश्वासन होतं, हातात आले चौदाशे. आधीचे सहाशे धरा म्हणाले, आम्ही धरले. आपल्या पक्षासाठी माणूस बेरीजसुद्धा करून देतो. ऑगस्ट २०२२ मध्ये उपराष्ट्रपतींच्या निर्णायक मताने आलेल्या कायद्यात मेडिकेअरवाल्यांसाठी, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात असलेल्यांसाठी, इन्शुलिन महिना ३५ डॉलरवर आलं, ती वॉर्नॉक यांनी लावून धरलेली गोष्ट. माझ्या शेजाऱ्यांचं मतही वाया गेलं नाही. २०२० मध्ये पर्ड्यू आणि केली लॉफलर या त्यांच्या दोन सिनेटरांनी एमी कोनी बॅरेट यांना सर्वोच्च न्यायालयात बसवायला मत दिलं, दोन वर्षांत गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. मला ते मुळीच पटलेलं नाही. पण त्यांनी जे मागितलं होतं ते त्यांना मिळालं, हे मला नाकारता येत नाही.

आता बापूदाच्या मताचा प्रवास बघा. २०१९ला त्याने शिवसेनेच्या संजय मंडलिक यांना मत दिलं, राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक पडले. महाडिक त्याच वर्षी भाजपात गेले. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेवरून महाराष्ट्र पेटला. उमेदवार दोघेही कोल्हापूरचे, भाजपचे महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. मतदार मात्र आमदार, आणि ते मुंबईच्या हॉटेलांत. मतपत्रिका आपल्याच पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची की आणखी कुणाला दिसली यावर तक्रारी झाल्या, एक मत बाद झालं, मोजणी मध्यरात्रीपर्यंत थांबली आणि पहाटे महाडिक खासदार झाले. बापूदाने ज्याला पाडलं होतं तो वरच्या सभागृहात गेला. दहाच दिवसांत एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला. मग मंडलिकही त्याच गटात. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाणही तिकडेच दिला. बापूदाने ना माणूस बदलला, ना चिन्ह. तो फक्त कोल्हापुरात आपल्या घरी बसून होता.

"मी माणूस बघितला असता तरी तो गेला असता, चिन्ह बघितलं तेबी गेलं. आता काय बघू? मतदानकेंद्राची भिंत बघू?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मात्र माझा उपदेश मी मागे घेतला. पक्ष बघून मत देणं हे अडाणीपणाचं लक्षण, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. इथे तेच करून मला जे हवं होतं ते बऱ्यापैकी मिळालं. माझं मत टाकल्यावर ते दुसऱ्याच्या खिशात गेलं नाही, एवढाच काय तो फरक. त्यात माझ्या शहाणपणाचा काही वाटा नाही.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथेही आमदारच सिनेटर निवडत. मतं विकत घेतल्याचे आरोप होत, आमदारांचं एकमत न झाल्याने खुर्च्या महिनोन्महिने रिकाम्या राहत. लोक कंटाळले आणि १९१३ साली सतरावी घटनादुरुस्ती होऊन मत थेट मतदाराकडे आलं. आपण २००३ मध्ये दोन बदल केले. राज्यसभेचं मतदान आमदाराने पक्षाला दाखवून करायचं, आणि उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असायची गरज नाही. फुटाफुटी थांबेल असं पहिल्याचं समर्थन होतं. दुसऱ्यामुळे २०२२च्या त्याच निवडणुकीत काँग्रेसने उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी यांना महाराष्ट्रातून पाठवलं. वॉकर टेक्सासात राहतात म्हणून आम्ही नाकं मुरडत होतो, पण त्यांना निदान जॉर्जियाच्या रांगेतल्या लोकांकडे मत मागावं लागलं.

राज्यसभाही थेट लोकांनी निवडावी का? बापूदाचं मत हो. मी कचरतो. जानेवारी २०२१च्या आमच्या दोन जागांवर मिळून ८० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. त्यातला मोठा भाग आम्हाला दिवसरात्र घाबरवण्यावर. शिवाय २०२१ मध्ये इथल्या विधिमंडळाने कायदा करून मतदानाच्या रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली वाटणं हा गुन्हा ठरवला. त्या शुक्रवारी शेजारी आणि मी दोघे आपापल्या घरून पाणी घेऊन गेलो होतो. कोल्हापुरात बूथच्या अलीकडे टेबल टाकून बसलेली पोरं विरोधी पक्षाच्या म्हाताऱ्यालाही चहा पाजतात.

६ डिसेंबरला वॉर्नॉक जिंकले, ५१.४ टक्के. त्याच नोव्हेंबरात रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांना वॉकर यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मतं जास्त पडली होती. म्हणजे केम्प यांच्या मतदारांपैकी बरेच सिनेटच्या ओळीशी आल्यावर थबकले. निकाल त्या थबकलेल्यांनी लावला, आम्ही पाट्या रोवणाऱ्यांनी नाही. माझे शेजारी थबकले का, ते मी विचारलेलं नाही.

तीन दिवसांनी सकाळी बापूदाचा मेसेज, सोबत हसून लोळणारे चार चेहरे. अॅरिझोनाच्या सिनेटर किर्स्टन सिनेमा यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून अपक्ष असल्याचं जाहीर केलं होतं. "झाली बघ तुमची पण गुवाहाटी!" मी घाईघाईने खुलासा लिहिला, त्यांनी समितीच्या जागा डेमोक्रॅटांकडूनच घेतल्या आहेत, बहुमत हललेलं नाही. लिहितानाच आठवलं, २००१ मध्ये व्हर्मॉन्टचे जिम जेफर्ड्‌स रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले आणि एका माणसामुळे अख्खं सिनेट पालटलं होतं. इथे पक्षांतरबंदी कायदाच नाही. आपल्याकडे १९८५ पासून आहे. हे मी बापूदाला कळवलं नाही, त्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या. सिनेमा २०२४ला पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत, हे मात्र आवर्जून कळवलं.

त्याच वर्षी लोकसभेला कोल्हापुरात मंडलिक धनुष्यबाण घेऊन उभे होते, समोर काँग्रेसचे शाहू महाराज. महाराज निवडून आले. बापूदाने कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याने उलट मलाच विचारलं, "तुझा तो कीर्तनकार कसाय? चिन्ह अजून त्याच्याकडंच हाय न्हवं?"

इथल्या मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, नावापुढे कंसात पक्षाची तीन अक्षरं असतात, हे मी त्याला पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

"बरं मग, अक्षरं तरी हाईत न्हवं?"

आहेत, म्हटलं.