सासूबाईंची ५.८ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा आक्षेप असा की, ऐंशीच्या घरातल्या आजारी मधुमेही माणसाला एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीतला टक्का) आठच्या आत असली तरी पुरे, असं लिहून मी लोकांना बेफिकीर करतो. तुमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या. भात बंद, रात्री नुसतं सूप, ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी दोन वेळा, एचबीएवनसीचा आकडा ५.८, वर्षभरात वजनही सात किलो उतरलं. साखर जितकी खाली तितकं बरं, याला आधार म्हणून तुम्ही ब्रिटनचा यूकेपीडीएस हा मधुमेहावरचा अभ्यास दिला आहे.

अभ्यास मोलाचाच. पण १९९८ मध्ये निष्कर्ष आलेल्या त्या अभ्यासात २५ ते ६५ वयाची, मधुमेह नुकताच कळलेली माणसं होती आणि डोळे-किडन्यांना झालेला फायदा दहा वर्षांच्या हिशेबातला होता. जुन्या मधुमेहींसाठी अमेरिकेतली अकॉर्ड चाचणी बघा. १०,२५१ माणसं, सरासरी वय ६२. एका गटाची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायची होती. साडेतीन वर्षांत त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. २००८ मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवला. जास्तीचे मृत्यू कशाने झाले यावर वाद आहेत. पण साखर इतकी उतरणं की दवाखान्याची मदत लागावी, हे त्या गटात तिप्पट घडलं.

५.८ नुसत्या खाण्यापिण्याने किंवा मेटफॉर्मिन या दुसऱ्या गोळीने आली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ग्लिमेपिराइड मात्र पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं. सूप पिऊन झोपलं, एकादशी केली, की साखर उतरू शकते. तरुणाला घाम फुटतो, धडधडतं. या वयात ते इशारे मंद होतात. माणूस असंबद्ध बोलतो, बाथरूमला जाताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. एकदा खुब्याचं हाड मोडलं की कित्येकजण पुन्हा आपल्या पायांनी घराबाहेर पडत नाहीत.

सात किलोंची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. म्हातारपणी उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात. किडनी ठीक असेल तर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५०-६० ग्रॅम. ती सूपातून येणार नाहीत. रात्री घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं आणि थोडा भात द्या.

गोळी मनाने बंद करू नका. पहाटे तीनला ग्लुकोमीटरने साखर बघा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोहाची कमतरता असली तर एचबीएवनसी उगाच वाढलेली दिसते, म्हणजे खरी साखर ५.८ सांगते त्याहूनही कमी असू शकते. हे कागद घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा आणि ग्लिमेपिराइड कमी करता येईल का, ते विचारा. पहाटेची साखर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी फोन करा.