‘जितके कोअर जास्त, तितके काम लवकर’ हा सल्ला का टिकत नाही

सामायिक क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या जोडलेल्या संगणकांच्या समूहावर, नव्याने काम करू लागणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. त्याचा आशय असा: एमपीआय (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रतींनी, म्हणजे प्रोसेसनी, एकमेकींना संदेश पाठवण्याचे मानक) वापरून लिहिलेला प्रोग्राम मुळातच समांतर असतो, त्यामुळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) दुप्पट केले की वेळ निम्मा होतो, म्हणून मिळतील तेवढे कोअर मागावेत, वेळेची मर्यादा रांगेत चालेल तेवढी कमाल ठेवावी, आणि सगळे कोअर शंभर टक्के व्यस्त दिसले की काम नीट चालले आहे असे समजावे. शिवाय एमपीआय हे मानक असल्यामुळे एमपीआयरन, म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या प्रोसेस सुरू करणारे साधन, कोणतेही चालते, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. ही विधाने एकेक करून तपासली पाहिजेत, कारण त्यांची किंमत सल्ला मानणाऱ्याइतकीच रांगेत थांबलेल्या इतरांनाही मोजावी लागते.

कोअर दुप्पट केले की वेळ निम्मा होतो, हे पहिले विधान. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले होते की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो एकूण वेगवाढीला मर्यादा घालतो. एका कोअरवर १०० तास लागणाऱ्या कामातला ५ टक्के भाग असा असेल, तर ते ६४ कोअरवर साधारण साडेसहा तासांत आणि १२८ कोअरवर पावणेसहा तासांत संपेल. पाऊण तास वाचला खरा, पण खर्च ४१५ कोअर-तासांवरून (कोअरची संख्या गुणिले तास) ७३५ वर गेला. कोअर कितीही वाढवले तरी हे काम ५ तासांच्या आत संपणार नाही, आणि या हिशेबात प्रोसेसना एकमेकींशी बोलायला लागणारा वेळ अजून धरलेलाच नाही.

तो वेळ धरला की चित्र आणखी बिघडते. प्रत्येक बाजूला २४० बिंदू असलेली त्रिमितीय जाळी ८ प्रोसेसमध्ये वाटली, तर प्रत्येकीकडे १२० बिंदूंच्या बाजूचा घन येतो आणि शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करायची सहा पृष्ठे मिळून त्या घनातल्या एकूण बिंदूंच्या ५ टक्के भरतात. तीच जाळी ५१२ प्रोसेसमध्ये वाटली की हे प्रमाण २० टक्क्यांवर जाते आणि ४०९६ मध्ये वाटली की ४० टक्क्यांवर. गणित घनफळाच्या प्रमाणात कमी होते, संदेश मात्र पृष्ठफळाच्या प्रमाणातच कमी होतात. शिवाय संदेश कितीही लहान असला तरी तो पाठवण्याचा किमान विलंब टळत नाही.

ऑलरिड्यूससारख्या, म्हणजे सगळ्या प्रोसेसची मूल्ये एकत्र करून निकाल प्रत्येकीला देणाऱ्या, सामूहिक क्रियेत तर सर्वांचा निकाल हाती येण्याआधी सर्वात मागे पडलेल्या प्रोसेसची वाट पाहावीच लागते. लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या ‘अ‍ॅस्की क्यू’ या महासंगणकाच्या अभ्यासातून २००३ मध्ये समोर आलेला निष्कर्ष मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. तिथे प्रत्येक नोडवर, म्हणजे समूहातल्या एकेका संगणकावर, चार प्रोसेसर होते, आणि मोठ्या प्रमाणावर चालणारा एक प्रोग्राम चारही वापरण्यापेक्षा तीनच वापरल्यावर बरा चालत होता, कारण कार्यप्रणालीची किरकोळ कामे मधूनमधून एखाद्या प्रोसेसला अडवत होती आणि त्या एकीसाठी बाकी सगळ्या खोळंबत होत्या. हा व्यत्यय दूर केल्यावर त्या प्रोग्रामचा वेग सुमारे दुप्पट झाला. एकही नवा प्रोसेसर त्यासाठी लागला नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जॉन गस्टाफसन यांनी १९८८ मध्ये १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावरील अनुभवावरून दाखवले की कोअर वाढतील तसा प्रश्नाचा आकारही वाढवला, तर समांतर भागाचे प्रमाण वाढते आणि जादा कोअर सत्कारणी लागतात. मात्र सल्ला देणारे बहुधा तोच आकार ठेवून तेच काम लवकर संपवण्याविषयी बोलत असतात. तेव्हा मोठी मागणी करण्याआधी तोच प्रोग्राम थोड्या आवर्तनांसाठी १, २, ४ आणि ८ नोडवर चालवून वेळ मोजावी. कार्यक्षमता, म्हणजे वेगवाढ भागिले कोअर जितक्या पट केले ती संख्या, निम्म्याखाली गेली की पुढचे कोअर मागू नयेत, असे माझे मत आहे.

शंभर टक्के व्यस्त कोअर हा पुरावा त्याहून कच्चा आहे. एमपीआयच्या प्रचलित ग्रंथालयांत (प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडच्या संचांत) संदेशाची वाट पाहणारी प्रोसेस सहसा झोपी जात नाही. विलंब कमी राहावा म्हणून ती संदेश आला का हे सतत तपासत राहते, आणि त्या तपासण्यातच तिचा कोअर पूर्ण व्यस्त दिसतो. म्हणजे बराच काळ नुसती खोळंबलेली प्रोसेसही राबणाऱ्या प्रोसेससारखीच दिसते. प्रत्येक प्रोसेसने पुन्हा स्वतःचे थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारे कामाचे धागे) सुरू केले तर ३२ कोअरच्या नोडवर ३२ प्रोसेस आणि प्रत्येकीचे ३२ थ्रेड मिळून १०२४ थ्रेड एकमेकांना ढकलत बसतात, आणि तेव्हाही आकडा शंभरच असतो. खरी माहिती हवी असेल तर एका आवर्तनाला किती वेळ लागला आणि त्यातला किती एमपीआयच्या क्रियांत गेला, हे मोजावे लागते.

वेळेची मर्यादा कमाल ठेवल्याने काही बिघडत नाही, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे: बहुतेक ठिकाणी हिशेब प्रत्यक्ष वापरलेल्या वेळेचाच होतो. पण शेड्युलरला, म्हणजे रांगेतला कोणता जॉब कधी सुरू करायचा हे ठरवणाऱ्या प्रणालीला, आधी कळते ती फक्त मागणी. स्लर्मसारखा शेड्युलर मोठ्या जॉबसाठी नोड जमा होत असताना मधल्या रिकाम्या अवधीत लहान जॉब बसवतो, मात्र त्यामुळे मोठ्या जॉबची सुरुवात लांबणार नसेल तरच. तीन तासांच्या कामासाठी तीन दिवस मागणारा जॉब अशा फटीत बसत नाही, म्हणून तो स्वतःच उशिरा सुरू होतो. मर्यादा संपताच जॉब बंद केला जातो हेही खरे, म्हणून मोजलेल्या वेळेवर थोडी सवड ठेवावी आणि कामाची स्थिती मधूनमधून फाइलमध्ये साठवावी.

राहिले एमपीआयरन. १९९४ मध्ये आलेल्या पहिल्या मानकाने क्रियांची नावे आणि त्यांचे अर्थ ठरवले. कंपाइल झालेल्या प्रोग्रामचे अंतर्गत स्वरूप ठरवले नाही. एमपिच आणि ओपन एमपीआय ही दोन प्रचलित ग्रंथालये घ्या: कम्युनिकेटर, म्हणजे एकमेकींशी बोलणाऱ्या प्रोसेसच्या गटाची खूण, एमपिचमध्ये पूर्णांक असतो, तर ओपन एमपीआयमध्ये पॉइंटर (स्मृतीतला पत्ता). कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या पातळीवरची सुसंगती मानकात आली ती २०२५ च्या ५.० आवृत्तीत, आणि प्रोग्राम त्या पद्धतीने बांधलेला असेल तरच तिचा उपयोग होतो. प्रोसेसला स्वतःचा क्रमांक सांगण्याची एमपीआयरनसारख्या प्रत्येक लाँचरची रीतही वेगळी असू शकते. एका ग्रंथालयाने बांधलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या एमपीआयरनने सुरू केला, तर पुष्कळदा कोणतीही चूक दाखवली जात नाही: ६४ प्रोसेस सुरू होतात, पण प्रत्येक जण स्वतःला एकटी समजते, तेच संपूर्ण काम ६४ वेळा होते आणि सगळ्या एकाच फाइलवर लिहितात. म्हणून प्रोग्रामच्या आरंभी प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक आणि एकूण संख्या छापून घ्यावी. सगळीकडून क्रमांक ० आणि संख्या १ आली, तर जॉब ताबडतोब रद्द करून ज्या मॉड्यूलने (क्लस्टरवर ठरावीक ग्रंथालय निवडून देणाऱ्या संचाने) प्रोग्राम बांधला तेच जॉबच्या स्क्रिप्टमध्येही लोड होते आहे का, हे पाहावे.