आमचा पत्ता: पसऱ्यावर चौकशी करा

दादा इंग्लंडमधे स्विंडनला गेल्यापासून दरवर्षी चवथीला आमच्या घरी एकच नाटक. आरतीला सगळे उभे राहिले की आई म्हणते दादाला लाव रे, मग चुलतभावाचा पोरगा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावतो, पण त्याचं सगळं लक्ष वाजणाऱ्या घुमटाकडे, त्यामुळे दादाला पाऊण तास काय दिसतं तर घराचे वासे, माटोळीचं (गणपतीवर फळंफुलं टांगलेल्या चौकटीचं) एक टोक आणि मधूनमधून पोराची नाकपुडी. गेल्या वर्षी दादा कंटाळून म्हणाला, "आईच्यान सांगतो, यंदा गणपती कुठल्या रंगाचा होता ते मला माहीत नाही."

हे मी मनावर घेतलं. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर राउटरचा पासवर्ड बदलता येणारा मी एकटाच, त्यामुळे मला सगळे इंजिनियर समजतात आणि हळूहळू मीही समजायला लागलोय. प्लॅन सोपा होता, चौकीत (आमच्याकडे गणपती बसतो ती खोली) गणपतीसमोर एक कॅमेरा, कपाटावर एक रास्पबेरी पाय नावाचा छोटासा कॉम्प्युटर, त्यावर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारं पान ८०८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, आणि दादाला एक लिंक. आपल्या घरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा नंबर, सारखा बदलतो हे मला माहीत होतं, पावसात लाईट गेली, आली, राउटर चालू झाला की पत्ता नवा. त्यावर उपाय डायनॅमिक डीएनएस, म्हणजे तुम्ही एक नाव घ्यायचं आणि पत्ता बदलला की राउटरने गपचूप जाऊन त्या नावापुढे नवा पत्ता लिहून यायचं. फुकट मिळतं. चवथीला बारा दिवस होते. आईला म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

राउटर आमच्याकडे फ्रिजवर असतो आणि त्याच्या मागे एक पाल असते, दोघांनाही हलवलेलं आवडत नाही. १९२.१६८.१.१ वर, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेलो, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, खाली हिरव्या अक्षरात 'सक्सेस' आलं. पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या दारावर येणाऱ्याला पायकडे पाठवायला राउटरला सांगितलं. मोबाईलवर लिंक उघडली. गोल फिरतंय. फिरतंय. फिरतंयच.

दोन संध्याकाळी यात गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कळलं की काही राउटरांना घरातल्या माणसाने घराच्याच बाहेरच्या पत्त्याने हाक मारलेली समजत नाही. आतून बाहेर जाऊन परत आत वळायचं, याला हेअरपिन म्हणतात, आमच्या राउटरला ते वळण जमत नव्हतं. म्हणजे टेस्ट करायची तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर. आणि मोबाईलचं नेटवर्क आमच्याकडे येतं फक्त बावीकडे, म्हणजे विहिरीकडे, तेही दक्षिणेच्या कठड्याला टेकून. मग काय, रात्री अकरा वाजता, धो धो पाऊस, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने मोबाईल वर धरलेला आणि तोंडाने "आलं का, आलं का". शेजारच्या काकीने सकाळी आईला हळूच विचारलं, "बरो आसा मरे तो?"

बावीकडूनही गोलच फिरत होतं. परत आत आलो, पाय पुसले (माझे), आणि बघतो तर संध्याकाळी लाईट जाऊन आली त्यात घरातल्या सगळ्या यंत्रांनी आपसात नंबर बदलून घेतले होते. पायचा नंबर शेवटी १० होता तो आता १४, आणि १० मिळाला होता आईच्या मोबाईलला. म्हणजे स्विंडनहून येणारी वाट मी आईच्या मोबाईलवर फॉरवर्ड करून ठेवली होती, तसा त्या मोबाईलला फॉरवर्डचा अनुभव दांडगा आहे पण हे त्यातलं नव्हे. पायचा नंबर कायमचा बांधून टाकला, छत्री घेतली, बावीकडे गेलो. गोल.

शेवटी सहाव्या दिवशी, वैतागून राउटरच्या स्टेटसच्या पानावर नुसता बघत बसलो होतो तेव्हा दिसलं. राउटर म्हणतोय माझा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो, पुढे ७२ काहीतरी. आणि 'माझा आयपी काय' असं विचारलं की इंटरनेट सांगतंय भलताच आकडा. घर एक, पत्ते दोन, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. याचं नाव सीजीनॅट, म्हणजे कंपनी बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरायला देते. गंमत अशी की आयपीचे जुने पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, जगाला पुरेनात, आपल्या आशियाच्या वाट्याचे तर एप्रिल २०११ मधेच संपत आले आणि मग हिशेबाने मोजून द्यायला लागले. मग २०१२ मधे कंपन्यांसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टा वेगळा काढला, ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते, म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट, पण हे पत्ते कंपनीच्या आतल्या आत वापरायचे, बाहेरच्या जगात त्यांना शून्य किंमत.

आईला हे समजवायला गेलो आणि सांगता सांगता मलाच जास्त समजलं. म्हटलं, आई, पूर्वी वाड्यावरची सगळी पत्रं पोस्टमन पसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, टाकून जायचा ना? कोणाच्या घराला नंबर माहीत नव्हता, सगळ्यांचा पत्ता पसऱ्याचाच. पसरकाराला आठवत असायचं, तू मुंबईला मावशीला पत्र टाकलंस, म्हणून मावशीचं उत्तर आलं की तो तुला हाक मारणार. पण समज कोणीतरी अनोळखी माणसाने आपणहून पत्र धाडलं, वर नुसता पसऱ्याचा पत्ता, तर ते कोणाचं हे त्याला कसं कळणार, तो त्यात शेंगदाणे बांधून देणार. सीजीनॅट म्हणजे हा पसरकार. आपण यूट्यूब बघतो ते चालतं कारण पहिलं पत्र आपण टाकलेलं असतं. दादा तिकडून आपणहून दार वाजवायला बघतो, त्याचे शेंगदाणे होतात. आणि माझा डायनॅमिक डीएनएस? तो बिचारा गेले सहा दिवस इमानाने जगाला सांगत होता की आमचा पत्ता, पसऱ्यातली मागची फळी, डाव्या बाजूचा तिसरा डबा. सक्सेस!

आई म्हणाली, "मग पसरकाराला सांगून ठेव ना." किती सोपं.

सांगायला गेलो. तिसऱ्या फोननंतर लाईनवाला पोरगा रेनकोट घालून स्कूटरवरून आला, घरात नेवऱ्या तळत होत्या, त्याने चार खाल्ल्या, मोबाईलवर एक गाणं लावलं, ते सुरू झालं. "नेट चलता मरे? मागीर प्रॉब्लेम कितें?" मी म्हटलं मला पब्लिक आयपी पाहिजे, जगाला दिसणारा स्वतःचा पत्ता. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी त्याच्याकडे समुद्र मागितला. पाचवी नेवरी घेऊन म्हणाला ऑफिसात विचारा. ऑफिसात म्हणाले पब्लिक आयपी फक्त बिझनेस कनेक्शनला, जीएसटी नंबर आणा. गणपतीचा जीएसटी नंबर कुठून आणू?

चवथीला तीन दिवस. तोपर्यंत माटोळीचं सामान आलं होतं, सुपारीची शिपटी, तोरिंगण, कांगलां, केळ्यांचा घड, आणि बाबा मला रोज विचारत होते की लाकडी चौकट बांधायला तू येणार आहेस की फ्रिजकडेच उभा राहणार आहेस.

मग जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बाहेरून आत येणं बंद आहे ना, मग आतूनच बाहेर जायचं. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर पायवर टाकलं, ते वायरगार्डवर चालतं, म्हणजे दोन यंत्रांमधे इंटरनेटवरून खाजगी बोगदा काढणाऱ्या पद्धतीवर. याची युक्ती अशी की घरातलाच एक माणूस पसऱ्यावर जाऊन बाकावर ठाण मांडून बसतो आणि दर थोड्या वेळाने विचारतो, "आमचं काय आलंय?" वायरगार्डमधे ही विचारणा साधारण दर २५ सेकंदांनी ठेवायची पद्धत आहे. आता पसरकार त्याला विसरूच शकत नाही. वाड्यावर असा एक रिटायर्ड काका असतोच, मला तो फक्त सॉफ्टवेअरमधे मिळाला. वीस मिनिटं लागली. आणि सगळं झाल्यावर त्या टेलस्केलने आमच्या पायला एक नवाकोरा पत्ता दिला, तो बघून मी पाच मिनिटं नुसता बसलो. १०० ने सुरू होत होता. टेलस्केलही त्याच पट्ट्यातले पत्ते देतं. पण हा चालत होता.

बावीकडे गेलो. एका सेकंदात चौकी दिसली, रिकामं मखर, आणि खाली पेंगणारे बाबा. मी पावसात ओरडलो. काकीच्या घरातली लाईट लागली.

दादाकडून फोनवर ॲप टाकून घेणं हा वेगळा दीड तास होता, तो इथे सांगत नाही, आम्ही दोघं अजून बोलतो एवढं पुरे. चवथीला साडेसातला आरती सुरू झाली, स्विंडनला दुपारचे तीन, दादा वेअरहाऊसच्या ब्रेकमधे कानाला हेडफोन लावून. तिसऱ्या आरतीला लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालू, मखराच्या माळा चालू, पाय आणि कॅमेरा चालू, फक्त राउटर बंद, कारण तो फ्रिजच्या बोर्डावर आणि फ्रिज इन्व्हर्टरवर नाही. घुमट वाजतंय, टाळ्या चालू आहेत, आणि मी टॉर्च तोंडात धरून एक्स्टेंशन बोर्ड ओढतोय, पाल माझ्या हातावरून गेली. शेवटच्या दोन आरत्या दादाला मिळाल्या. मेसेज आला, "गणपती लाल पितांबरातला. मस्त. तोरिंगण वाकडं बांधलंय."

पाच दिवसांनी विसर्जन झालं. कॅमेरा काढायचा राहिला, मग राहूनच गेला. आता सकाळी नुस्तेकान्न (मासेवाली) आली की आई टोपलीतले दोन बांगडे घेऊन चौकीत येते, जिथे गणपती होता त्याच्या बरोब्बर समोर उभी राहते आणि कॅमेऱ्यासमोर धरते. "पळय रे, कसले ताजे!" बाबांना हे अजिबात पसंत नाही, ते रोज पाट हलवतात, आई रोज परत ठेवते. कॅमेऱ्याला आवाज जात नाही हे मी तिला सांगितलेलं नाही. दादाचा परवा मला मेसेज आला, कॅमेरा जरा खाली वळव, टोपलीत काय आहे ते दिसत नाही.