'मुलींना सगळं फुकट' हा निरोप अर्धवट आहे

उमरेड, काटोल, रामटेककडच्या पालकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय: 'मुलीला नागपुरात कोणत्याही कॉलेजात घाला, एक रुपयाही लागत नाही.' हे खरं नाही. त्यावर विसंबून कुणी पैशांची सोय केली नाही, तर ऐन प्रवेशाच्या वेळी मुलीचीच अडचण होईल.

या निरोपामागचा, मुलींच्या शुल्कमाफीचा राज्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना आधी ५० टक्के शुल्कमाफी होती, ती १०० टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. माफी फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च घरूनच करायचा आहे, आणि बाहेरगावच्या मुलीसाठी तोच मोठा असतो.

सवलत आहे ती इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना. साध्या बीए-बीकॉमला हा निर्णय लागू नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच (कॅप राउंड) झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, सीट घेतली की सवलत गेली. खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत. 'आमच्याकडेही लागू आहे' असं कुणी तोंडी सांगितलं, तर कृपा करून लेखी मागा.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. प्रवेशानंतर महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-शुल्कसवलतीच्या पोर्टलवर अर्जही भरावा लागतो.