हरिकेननंतरचा विमा दावा: फिरत्या संदेशातील सहा सल्ल्यांचा प्रतिवाद

जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधील हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम असतो, आणि त्या काळात अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मराठी कुटुंबांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: घराचा विमा असला की वारा असो वा पाणी, सर्व नुकसान भरून मिळते, नुकसानीची पाहणी करणारा कंपनीचा अ‍ॅडजस्टर येईपर्यंत घरात कशालाही हात लावू नका, नुकसान डिडक्टिबलपेक्षा (घरमालकाने आधी स्वतः सोसायच्या रकमेपेक्षा) कमी असेल तर कंपनीला कळवू नका, पहिला चेक वटवलात की दावा संपतो, छपराच्या कंत्राटदाराला विम्याचे लाभ सही करून दिलीत तर तो डिडक्टिबलही माफ करून देतो, आणि तरीही काही उरलेच तर फेमा, म्हणजे संघीय सरकारची आपत्ती-मदत संस्था, देते. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. परंतु या सहांपैकी एकही सल्ला जसाच्या तसा खरा नाही आणि काही तर थेट नुकसान करणारे आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच समज आहे, की दावा म्हणजे कंपनीने करायचे काम असून घरमालकाने फक्त वाट पाहायची असते. प्रत्यक्षात पॉलिसी घरमालकावर स्पष्ट कर्तव्ये टाकते आणि नुकसान कशामुळे झाले, किती झाले, हे दाखवण्याची बरीचशी जबाबदारी त्याच्याकडेच येते. राज्याराज्यांचे कायदे वेगळे असल्याने येथे मुख्यतः फ्लोरिडातील नियम घेतले आहेत.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याने झालेले नुकसान साधारणपणे येते. पुराचे येत नाही. समुद्राचे पाणी वाऱ्याच्या जोराने किनाऱ्यावर चढले तरी विम्याच्या दृष्टीने तो पूरच असतो. वाऱ्याने छपराचा तुकडा उडवला आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर ते नुकसान घराच्या पॉलिसीत बसते. तेच पाणी जमिनीवरून वाढत दारातून आत आले, तर त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो. हा विमा बहुतांशी 1968 साली सुरू झालेल्या आणि आता फेमा चालवत असलेल्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातून मिळतो. त्यात एका कुटुंबाच्या घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर आणि सामानासाठी 1,00,000 डॉलर एवढेच संरक्षण आहे, दोन्हींचे डिडक्टिबल वेगवेगळे असते, सामानाची भरपाई घसारा वजा करूनच होते आणि घर राहण्याजोगे नसताना भाड्याने राहण्याचा खर्च मिळत नाही. शिवाय नवी पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

वारा की पाणी, हा प्रश्न 2005 च्या कतरिना हरिकेननंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर किती कडवट झाला, हे विसरता कामा नये. तेथे अनेक घरांचा नुसता चौथरा शिल्लक राहिला होता आणि भिंती आधी वाऱ्याने पडल्या की नंतर पाण्याने वाहून गेल्या, हे सांगायला पुरावाच उरला नव्हता. अनेक पॉलिसींत असे कलम असते की वगळलेले कारण आणि संरक्षित कारण या दोहोंनी मिळून नुकसान घडवले असेल, तर भरपाई मिळणार नाही. 2007 साली मिसिसिपी ज्याच्या कक्षेत येते त्या पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने लेनर्ड विरुद्ध नेशनवाइड (विमा कंपनी) या खटल्यात असे कलम वैध धरले. पुढे 2009 साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बन विरुद्ध यूएसएए (हीदेखील विमा कंपनी) या खटल्यात मात्र सांगितले की वाऱ्याने आधी आणि स्वतंत्रपणे केलेले नुकसान नंतर पाणी आले म्हणून पुसले जात नाही. या दोन निकालांवरून एक व्यावहारिक गोष्ट निघते, ती म्हणजे घटनाक्रमाचे महत्त्व. छप्पर किती वाजता उघडे पडले, पाणी किती वाजता चढले, भिंतीवर पाण्याची रेघ कोणत्या उंचीवर आहे, त्या रेघेच्या वरचा ड्रायवॉल (आतल्या भिंतीचा जिप्समचा तक्ता) ओला आहे का आणि असल्यास तो वरून भिजला आहे का, या गोष्टी वेळेची नोंद असलेल्या छायाचित्रांत दिसल्या पाहिजेत. दोन पॉलिसी असतील तर दोन अ‍ॅडजस्टर येऊ शकतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, म्हणून वाऱ्याने झालेल्या आणि पुराने झालेल्या नुकसानीच्या याद्या सुरुवातीपासूनच वेगळ्या ठेवाव्यात.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनीही हा मुद्दा आपला नाही असे मानू नये. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन हे हरिकेन फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात धडकले, पण ॲशव्हिल आणि आसपासच्या पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ प्रदेशात नद्यांच्या पुराने हाहाकार उडाला, आणि तेथे फारच थोड्या घरांना पूरविमा होता. डोंगर घसरून झालेले नुकसान तर पूरविम्यातही बसत नाही. पाण्याबरोबर वाहत आलेल्या चिखलाचे बसते. संकटात सापडलेल्या माणसाला हा भेद निष्ठुर वाटेल, आणि माझ्या मते तो आहेही, पण तो माहीत नसण्याची किंमत अधिक निष्ठुर असते.

आता ‘कशालाही हात लावू नका’ या सल्ल्याकडे येऊ. हा सल्ला पॉलिसीच्या अगदी विरुद्ध आहे. जवळजवळ प्रत्येक घरविम्यात नुकसान वाढू न देण्याचे कर्तव्य लिहिलेले असते. छपरावर ताडपत्री घालणे, फुटलेली खिडकी फळ्यांनी बंद करणे, साचलेले पाणी उपसणे, ओला गालिचा बाहेर काढणे ही कामे न केल्यामुळे पुढे जे बिघडेल, ते नाकारण्याचा आधार कंपनीला मिळतो. ओलावा तसाच राहिला तर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते, आणि मोठ्या वादळानंतर अ‍ॅडजस्टर तेवढ्या वेळात येणे दुर्मीळच. अर्थात तात्पुरती डागडुजी आणि कायमची दुरुस्ती यांत फरक आहे. कायमच्या दुरुस्तीआधी कंपनीला पाहणीची संधी दिली पाहिजे, आणि तातडीच्या उपायांवरील खर्चालाही अनेक पॉलिसींत मर्यादा असते, जिच्यापुढे जाण्यासाठी आधी विचारावे लागते. संदेशातील सल्ल्याचा उगम बहुधा येथेच असावा: पुरावा नष्ट करू नका, ही योग्य सूचना पुढे पुढे जाताना काहीही करू नका अशी झाली असावी. योग्य क्रम असा की आधी प्रत्येक खोलीची दुरून आणि जवळून छायाचित्रे व चित्रफीत घ्यावी, उपकरणांचे मॉडेल आणि अनुक्रमांक टिपावेत, मग साफसफाई करावी. सडलेले अन्न किंवा आरोग्यास अपायकारक वस्तू छायाचित्रे काढल्यावर टाकून द्याव्यात, पण गालिचा, फरशी, ड्रायवॉल यांचा एकेक तुकडा जपून ठेवावा. ताडपत्रीपासून पंपाच्या भाड्यापर्यंत प्रत्येक पावती ठेवावी, कारण हा वाजवी खर्च दाव्यात मागता येतो.

तिसरा सल्ला म्हणजे डिडक्टिबलपेक्षा कमी नुकसान कळवू नये. तो शहाणपणाचा भासतो आणि म्हणूनच तपासायला हवा. पहिली गोष्ट, हरिकेनचे डिडक्टिबल बहुधा नुकसानीच्या नव्हे, तर घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत असते. घराचा विमा 4,00,000 डॉलरचा आणि डिडक्टिबल 2 टक्के असेल, तर पहिले 8,000 डॉलर घरमालकाचे. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: फ्लोरिडात हे डिडक्टिबल प्रत्येक वादळाला नव्याने पूर्ण लागत नाही, एकाच कंपनीकडे विमा असेल तर ते कॅलेंडर वर्षाच्या हिशेबाने लागते. 2024 मध्ये 26 सप्टेंबरला हेलीन आणि 9 ऑक्टोबरला मिल्टन, अशी दोन हरिकेन दोन आठवड्यांत फ्लोरिडावर आली. समजा, वरील घराचे हेलीनमध्ये 6,000 डॉलरचे वाऱ्याचे नुकसान झाले आणि मिल्टनमध्ये 15,000 डॉलरचे. इतर कारणांसाठीचे डिडक्टिबल 1,000 डॉलरच आहे, म्हणून ते या हिशेबात आडवे येत नाही, असे धरू. पहिले नुकसान कळवलेले आणि पावत्यांनी सिद्ध केलेले असेल, तर दुसऱ्या वेळी उरलेले 2,000 डॉलरच वजा होतील आणि 13,000 मिळतील. ते दडवले असेल तर पुन्हा 8,000 वजा होऊन हाती 7,000 येतील. ज्यांनी हेलीनच्या वेळी ‘किरकोळ आहे, कशाला कळवायचे’ असे म्हटले, त्यांच्यासाठी हा हिशेब कागदावरचा राहिला नाही.

शिवाय किरकोळ दिसलेले नुकसान अनेकदा किरकोळ नसते. छपराखालच्या लाकडात मुरलेले पाणी महिन्यांनी छतावर डाग होऊन दिसते. डिसेंबर 2022 मध्ये केलेल्या सुधारणांनंतर फ्लोरिडात नवा दावा नुकसानीच्या तारखेपासून एका वर्षात आणि पूरक दावा (त्याच नुकसानीसाठीची वाढीव मागणी) 18 महिन्यांत कळवावा लागतो. जुन्या, अधिक लांब मुदतींवर आधारलेले सल्ले आजही फिरत आहेत, ते सोडून द्यावेत. राष्ट्रीय पूरविम्यात तर नुकसानीचे शपथपूर्वक विवरण 60 दिवसांत द्यावे लागते, मोठ्या आपत्तीत फेमा ती मुदत वाढवते हे खरे, पण त्या वाढीवर विसंबून बसू नये. दावा केला तर कंपनी पॉलिसी बंद करेल ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि हरिकेनने नुकसान झालेले घर दुरुस्त होऊन 90 दिवस होईपर्यंत सर्वसाधारणपणे कंपनीला पॉलिसी रद्द करता किंवा नूतनीकरण नाकारता येत नाही, एवढे संरक्षण फ्लोरिडाचा कायदा देतो.

पहिल्या चेकविषयीचा समज लवकर दूर करता येतो. घराची पॉलिसी नव्याने बांधण्याच्या खर्चाची असली तरी कंपनी बहुधा आधी घसारा आणि डिडक्टिबल वजा करून रक्कम देते आणि काम होत जाईल तसा उरलेला भाग देते. म्हणजे पहिला चेक ही सुरुवात असते. तो वटवल्याने हक्क जात नाही. हक्क जातो तो सर्व मागण्या संपल्याचे लिहून देणाऱ्या कागदावर सही केल्याने. म्हणून चेकबरोबर आलेले प्रत्येक पत्र आणि चेकच्या पाठीमागचा मजकूर वाचावा. गृहकर्ज असेल तर चेकवर बँकेचेही नाव असते, तेव्हा बँकेशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

कंत्राटदाराला सही करून देण्याच्या सल्ल्याबद्दल मला तीव्र आक्षेप आहे. 1 जानेवारी 2023 पासून निघालेल्या फ्लोरिडातील घरविमा पॉलिसींचे लाभ कंत्राटदाराच्या नावे करून देणे कायद्याने ग्राह्यच राहिलेले नाही. डिडक्टिबल माफ करण्याचे आमिष दाखवणे फ्लोरिडात बेकायदा आहे, टेक्सासातही आहे, आणि ती रक्कम बिलात फुगवून घेतली जात असेल तर घरमालकही खोट्या दाव्यात ओढला जातो. स्वतःच्या बाजूने कोणी तज्ज्ञ हवा असेल, तर परवानाधारक पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमता येतो. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेल्या घटनेतील दाव्यांवर पहिल्या वर्षी त्याचे शुल्क 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. वादळ सरताच दारात उभ्या राहिलेल्या माणसाने सही मागितली तर त्याचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर तपासून मगच पुढचे बोलावे.

राहिली फेमा. तिची मदत विम्याला पर्याय नाही. हेलीनच्या वेळी घरासाठीच्या मदतीची कमाल मर्यादा 42,500 डॉलर होती, आणि ही मर्यादा आहे, सर्वांना मिळणारी रक्कम नव्हे. विम्याने दिलेल्या पैशाची फेमा पुन्हा भरपाई करत नाही, म्हणून ती आधी विम्याचा निर्णय मागते. संघीय सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाकडून घरासाठी 5,00,000 डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण ते कर्ज असते आणि फेडावे लागते.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम अपुरी वाटली, तर त्या संदेशात पुढचे काहीच सांगितलेले नसते. फ्लोरिडात कंपनीने दाव्याची पोच 7 दिवसांत द्यायची असते आणि अपवाद वगळता 60 दिवसांत रक्कम द्यायची किंवा नकार कळवायचा असतो, म्हणून फोनवरच्या बोलण्याचाही सारांश त्याच दिवशी ईमेलने कंपनीला पाठवून तारखा पक्क्या कराव्यात. नकार मिळाला तर तो पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. अ‍ॅडजस्टरने केलेला खर्चाचा अंदाज मागून घ्यावा आणि स्वतंत्र कंत्राटदाराच्या तपशीलवार अंदाजाशी ओळीओळीने ताडून पाहावा. बहुतेक तफावत मोजमापात किंवा वगळलेल्या कामांत सापडते. राज्याच्या वित्तीय सेवा विभागामार्फत मध्यस्थी मागता येते आणि तिचा खर्च कंपनी करते. पूरविम्याचा मार्ग वेगळा आहे: लेखी नकारानंतर 60 दिवसांत फेमाकडे अपील करता येते, आणि संघीय न्यायालयात दाद मागायची असेल तर ती लेखी नकाराच्या तारखेपासून एका वर्षात मागावी लागते.