मधल्या पायऱ्या कोणी गिळल्या?

‘हे तुम्ही शाळेत केलेलेच आहे’ हे वाक्य महाविद्यालयाच्या आवारात उच्चारायला बंदी घालावी, अशा मतापर्यंत मी आता आलो आहे. वाक्य खोटे असते तर एवढा संताप झाला नसता. ते खरे आहे, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला काही उत्तर देता येत नाही. होय, शाळेत केले होते. दहावीच्या बोर्डाला केले, पदविकेच्या सुरुवातीच्या सत्रांत पुन्हा केले, चांगले गुणही मिळवले, आणि त्यानंतर दीड दशक त्याला हात लावला नाही, कारण कारखान्यात मोटर जळाली असता ‘आधी या राशीचे अवयव पाडा’ असे कोणी सांगत नाही.

संदर्भ सांगतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे कारखाने आहेत, त्यांत विद्युत देखभालीची कामे करणाऱ्यांपैकी मोठा वर्ग पदविकाधारकांचा आहे, आणि पदवी नसली की एका टप्प्यानंतर बढतीची फाइल पुढे सरकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकीचे वर्ग चालवण्याची मुभा दिली, तेव्हा आमच्यासारख्यांना वाटले की चला, आता कोणीतरी आपला विचार केला. पदविका असल्याने थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजेच पदवीच्या पहिल्या वर्षातली गणिताची दोन सत्रे आमच्या वाट्याला येतच नाहीत, आणि आम्ही सरळ तिसऱ्या सत्राच्या गणितात, ज्याला सगळे ‘एम-थ्री’ म्हणतात, जाऊन पडतो. रबाळे, महापे, तळोजा, वागळे इस्टेट अशा ठिकाणांहून शिफ्ट संपवून आलेली, तिशी-पस्तिशी ओलांडलेली माणसे त्या संध्याकाळच्या वर्गात बसतात. हातात डबा, अंगात कंपनीचा शर्ट, आणि समोर लाप्लास, म्हणजे बदलाची समीकरणे बीजगणितात आणून सोडवायची रीत.

फळ्यावर काय घडते ते सांगतो. उलट लाप्लास काढायचे आहे, म्हणजे त्या बीजगणितातून परत मूळ रूपाकडे यायचे आहे, आणि छेदात एस² + ४एस + १३ आहे. सर पुढच्या ओळीत (एस + २)² + ९ लिहितात, त्याच्या पुढच्या ओळीत उत्तर लिहितात, म्हणजे ई चा उणे दोन टी घात, गुणिले साइन तीन टी, भागिले तीन, आणि फळा पुसायला घेतात. पहिल्या ओळीतून दुसरी ओळ आली कशी, हे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘सर, हे तर बेसिक आहे, पूर्ण वर्ग केला.’ ते आम्हाला ‘सर’ म्हणतात, कारण वयाने आम्हीच मोठे आहोत. आदर पुरेपूर मिळतो, फक्त पायरी मिळत नाही. ४ चे अर्धे २, २ चा वर्ग ४, १३ मधून ४ गेले की उरले ९, एवढेच तर सांगायचे होते. बोलायला दहा सेकंद लागतात. परंतु ते दहा सेकंद खर्च करणे हे अभियांत्रिकीच्या वर्गात कमीपणाचे मानले जाते, आणि ज्याला ते कळले नाही तो पुढची वीस मिनिटे वहीत नुसती नक्कल करत बसतो.

ज्यांना वाटते की विसरलेले गणित म्हणजे विसरलेले धडे, त्यांच्यावर माझा खरा राग आहे. धडा विसरला तर तो पुन्हा वाचता येतो. लाप्लास म्हणजे काय हे मला समजते, आणि ज्या अभियंत्याने एकदा सर्किट चालू करताना प्रवाह कसा उसळतो आणि मग कसा स्थिरावतो हे मीटरवर पाहिले आहे, त्याला ते वर्गातल्या कोणाहीपेक्षा लवकर समजते. गेलेली गोष्ट वेगळीच आहे. चिन्ह बदलताना हात आपोआप चालत असे, तो आता थबकतो. घातांक छेदातून अंशात नेताना उणे होतो हे माहीत आहे, पण ते आठवावे लागते. समच्छेद करताना, कंस सोडताना, वर्गमूळ काढताना प्रत्येक ठिकाणी डोके थांबते, आणि डोके अशा फुटकळ जागी थांबले की मूळ प्रश्न काय होता हेच निसटून जाते. पार्शल फ्रॅक्शनच्या, म्हणजे मोठा अपूर्णांक लहान अपूर्णांकांत फोडण्याच्या, एका उदाहरणात अशी सात-आठ ठिकाणे असतात. वर्गात मागे पडणारा माणूस लाप्लासमध्ये मागे पडत नाही, तो आठवीच्या बीजगणितात मागे पडतो, आणि त्याला दिला जाणारा उपाय मात्र लाप्लासची आणखी वीस उदाहरणे हा असतो.

आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे मरेपर्यंत तोंडपाठ असत, कारण ते रोज दुकानात, बाजारात तोंडी येत. आम्हाला मोबाइल मिळाला आणि एक्सेल मिळाले. टक्केवारी, सरासरी, युनिटचा हिशेब, सगळे एका सूत्रात. त्याबद्दल मला अजिबात खंत नाही, कारण काम त्यानेच वेगात होते, आणि जो शिक्षक ‘तुमच्या पिढीला कॅल्क्युलेटरने बिघडवले’ असे म्हणतो, त्याच्या स्वतःच्या गुणपत्रिका कोण बेरीज करून देते हे सगळ्यांना माहीत आहे.

आता ब्रिज कोर्स नावाच्या थट्टेकडे वळतो. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०२१-२२ च्या नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे की वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी चित्रकला अशा विषयांचे पूरक अभ्यासक्रम विद्यापीठांनी द्यावेत. कल्पना उत्तम आहे. आमच्या महाविद्यालयात ती अशी राबवली गेली की व्हॉट्सअॅप गटावर एक पीडीएफ आली, एका शनिवारी हजेरीपटावर सह्या झाल्या आणि ब्रिज कोर्स पूर्ण झाल्याची नोंद झाली. त्या पीडीएफमध्ये काय होते? सूत्रे. त्रिकोणमितीची सूत्रे, डेरिव्हेटिव्हची सूत्रे, इंटिग्रेशनची सूत्रे, एका पानावर दाटीवाटीने छापलेली, एकही सोडवलेले उदाहरण नसलेली. सूत्रे तर कोणालाही सापडतात. ती वापरताना कोणती पायरी आधी आणि का, हे ज्याला हवे आहे त्याच्या हातात सूत्रांचा कागद ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीचा नकाशा देण्यासारखे आहे.

शिकवणारे सर स्वतः तासिका तत्त्वावर आहेत, हे मला ठाऊक आहे. सकाळी ज्या स्लाइड ते बारावीहून आलेल्या मुलांना दाखवतात, त्याच संध्याकाळी आम्हाला दाखवतात, आणि त्यांना दोष द्यायलाही जीव धजत नाही, कारण अभ्यासक्रम संपवण्याची तारीख दोन्ही वर्गांना एकच आहे. पण या दोन वर्गांत फरक किती आहे याचा विचार करणाऱ्या एकाही माणसाला महाविद्यालय पगार देत नाही काय? सीईटीच्या गणिताच्या पेपरला ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात. त्या वेगाची सवय होईपर्यंत घासून आलेली अठरा वर्षांची मुले आणि सकाळी सहाला पंच करून आलेला माणूस, या दोघांना एकाच वेगाने शिकवायचे आणि निकालानंतर ‘संध्याकाळच्या बॅचची केटी (नापास होऊन राहिलेले विषय) जास्त आहे’ असे नाक मुरडायचे, याला नियोजन म्हणत नाहीत.

मग बाहेर शिकवणी लावावी म्हटले. ठाण्यात शिकवण्यांना काय तोटा? नौपाड्यात गोखले रोडवरून राम मारुती रोडला वळेपर्यंत डोके वर करून चालले तर आकाशापेक्षा क्लासच्या पाट्या जास्त दिसतात. आठवी-नववी-दहावी, जेईई, नीट, सीईटी, आणि अभियांत्रिकीसाठी ‘एम-वन ते एम-फोर, पास होण्याची हमी’. मी फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘मुलगा कितवीत आहे?’ मुलगा नाही, मीच आहे, असे सांगितले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग ‘मॅडमना विचारून कळवते’ असे उत्तर येते. मॅडम कळवत नाहीत. हमीवाल्या क्लासमध्ये गेलो तर तिथे गणित शिकवतच नाहीत, मागच्या परीक्षांचे पेपर पाहून कोणता प्रश्न येणार हे सांगतात आणि तेवढीच उत्तरे घोकून घेतात. आठवीच्या अपूर्णांकांपासून सुरू करून प्रौढ माणसाला चार महिन्यांत वर आणून सोडेल असा एकही वर्ग या शहरात मला सापडलेला नाही. संगीताचे, जपानी भाषेचे, केक करण्याचे वर्ग प्रौढांसाठी आहेत. गणित मात्र सोळाव्या वर्षाच्या आत करायचे, नाहीतर कायमचे सोडायचे, असा जणू सरकारी आदेशच निघालेला आहे.

बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. नववीच्या पुस्तकात बहुपदी आहे, दहावीच्या पहिल्या भागात पूर्ण वर्ग पद्धत आहे, त्रिकोणमिती दुसऱ्या भागात भूमितीसोबत आहे. पण ती पुस्तके समोर शिक्षक आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण ती मुलांसाठी आहेत. ठाणे स्थानकाच्या नऊ-दहा नंबर फलाटावर पनवेल गाडीची वाट पाहत नववीचे पुस्तक उघडून बसलेल्या माणसाकडे शेजारचा प्रवासी ज्या कौतुकाने पाहतो, ते कौतुकही मला नको आहे. ‘वा, मुलाचा अभ्यास घेता!’

सल्ला देणारे तर पावलोपावली भेटतात. ‘रोज थोडा सराव ठेवा.’ कशाचा सराव? जी पायरी कळलीच नाही तिचा सराव कसा करतात, हे त्यांनी एकदा करून दाखवावे. ‘यूट्यूबवर सगळे आहे.’ आहे खरे, आणि तिथलाही प्रत्येक गुरुजी तिसऱ्या मिनिटाला ‘सिम्प्लिफाय केल्यावर आपल्याला मिळते’ म्हणून पुढे उडी मारतो. ते सिम्प्लिफायच तर मला हवे होते. आणि घरच्यांचा लाडका सल्ला, ‘एवढं टेन्शन का घेतोस, पास झालं की झालं.’ फी मी भरतो, रजा माझ्या जातात, म्हणून मला समजून पास व्हायचे आहे, एवढे सरळ गणित तरी त्यांना कळावे.

सगळ्यात जास्त कशाने चिडतो ते सांगायचे राहिले. आम्ही गणिताशी अनोळखी माणसे नाही. २०० किलोवॉट भाराचा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.८ वरून ०.९५ वर आणायचा असेल तर सुमारे ८४ केव्हीएआरचे (हे कपॅसिटरची क्षमता मोजण्याचे एकक) कपॅसिटर लागतात, हा आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांचा रोजचा विषय आहे, कारण त्यावर वीजबिल ठरते. तो पॉवर फॅक्टर म्हणजेच कोसाइन. ८४ हा आकडा दोन कोनांच्या टॅनमधला फरक २०० ने गुणून येतो. कोणी एका तासात या कपॅसिटर बँकेपासून सुरुवात केली असती तर त्रिकोणमितीची गेलेली अर्धी पकड त्याच दिवशी परत आली असती. तसे घडत नाही, कारण आम्ही काय काम करतो हे वर्गात आजवर कोणीही विचारलेले नाही. ‘प्रौढ विद्यार्थी अनुभव घेऊन येतात’ हे वाक्य माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेले आहे आणि तिथेच त्याचा मुक्काम आहे.

शेवटी आम्ही काही जण विभागप्रमुखांकडे गेलो. मागणी साधी होती. सत्राच्या सुरुवातीला एक चाचणी घ्या, तीही लाप्लासची नको, अपूर्णांक, घातांक, अवयव, त्रिकोणमिती यांची घ्या, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून एक तास वेगळा ठेवा. एमएस्सी करणारा एखादा विद्यार्थी शिकवेल, मानधन आम्ही वर्गणी काढून देऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि सांगितले, ‘तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, ज्यांना हवंय त्यांची सह्यांनिशी यादी आणा.’

यादी फिरली. ज्या पर्यवेक्षकाच्या हाताखालचा मुलगा त्याच वर्गात पुढच्या बाकावर बसतो, तो ‘मला अपूर्णांकांचा वर्ग हवा आहे’ अशा कागदावर सही करील, असे ज्याला वाटते त्याने आयुष्यात कधी कारखाना पाहिलेला नाही. मधल्या सुट्टीत ‘आपल्याला पण पाहिजे यार’ म्हणणारे सगळे कागद समोर येताच पेन शोधायला लागले. मोजक्याच सह्या झाल्या. अशा वर्गाला विद्यार्थ्यांकडून पुरेशी मागणी नाही, असे आम्हाला लेखी कळवण्यात आले आहे, आणि सोमवारपासून फोरिअर सीरिज सुरू होत आहे.