‘जुनी चेनसॉ घ्या, ब्रेक काढून टाका’ : काकांना आलेल्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘नवी चेनसॉ म्हणजे पैशांचा चुराडा, जुनी घ्या, कार्बोरेटर साफ करा, ब्रेक अडत असेल तर काढून टाका, साधे पेट्रोल भरा,’ असा लाकूड कापण्याच्या या यंत्राविषयी सल्ला देणारा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. वळवाच्या पावसात मुळशीच्या शेतावर आंब्याची मोठी फांदी मोडून पडली आणि रविवारी माझे काका जुन्या बाजारातून अडीच हजारांची चेनसॉ घेऊन आले. तिचा ब्रेकचा दांडा गायब होता आणि ‘तो लागतच नाही’ असे ते मलाच समजावू लागले. एरवी मी या संदेशाकडे ढुंकूनही पाहिले नसते.

म्हणून आधी ब्रेकविषयीच. बारच्या, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिच्या, टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की धावत्या चेनचा दात तेथे अडकतो आणि बार कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. त्या झटक्यात दांडा मनगटाला लागून किंवा जडत्वाने पुढे जातो, चेन फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा आवळला जातो आणि चेन थांबते. हे सारे इतक्या वेगाने घडते, की माणसाला बोट सोडण्याचेही सुचत नाही. आयएसओ 6535 हे आंतरराष्ट्रीय मानक केवळ चेनसॉच्या ब्रेकची कामगिरी तपासण्यासाठी आहे. जी वस्तू ‘लागतच नाही’ तिच्यासाठी कोणी स्वतंत्र मानक लिहीत बसत नाही. ब्रेक अडतो तो बहुधा तेलात माखलेल्या भुशामुळे. झाकण काढून ब्रशने भुसा झाडावा, पट्टा झिजला असल्यास बदलावा.

साध्या पेट्रोलचा सल्ला यंत्राच्या मुळावर येणारा आहे. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. पेट्रोल आणि ऑइलचे 50:1 प्रमाण सांगितले असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25:1 असेल तर 40. तेवढे टाळले, की पिस्टन सिलिंडरला घासतो आणि मग कार्बोरेटर कितीही साफ केला तरी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, परत येत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो : स्टिल किंवा हुस्कवार्ना या कंपन्यांचे, लाकूडतोडीच्या कामासाठी बनवलेले जुने यंत्र सुस्थितीत मिळाले, तर ते बिननावाच्या स्वस्त नव्या यंत्रापेक्षा बरे, कारण ते उघडून दुरुस्त करता येते. मात्र विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले यंत्र पाहू नये. थंड यंत्र सुरू करून दाखवायला सांगावे, चेन फिरत असताना ब्रेक लावून ती जागीच थांबते का पाहावे आणि सायलेन्सर काढून, टॉर्च धरून पिस्टन न्याहाळावा.

काकांच्या यंत्राचा सायलेन्सर मी त्याच संध्याकाळी काढला. पिस्टनवर उभे चरे होते. सिलिंडर-पिस्टनचा संच, ब्रेकचा दांडा व पट्टा, शिवाय झिजलेला बार आणि चेन यांच्या किमती कागदावर मांडल्यावर काकांनी बेरीज करू दिली नाही.